रांगेतले खिराडे जमादार

खिराडे जमादार गावात शिरायच्या आधी लूना बंद करायचे. वेशीच्या अलीकडे नाला आहे. तिथं इंजिन बंद, खाली उतरायचं, आणि तिथून चौकीपर्यंत ती लूना हातानं ढकलत आणायची. ऊन असो नाहीतर चिखल. अंगानं जाड माणूस, निवृत्तीला आलेला, घामाघूम होऊन यायचा. माझ्या सासूबाईंनी एकदा ओट्यावरून विचारलं, "काहून ढकलता वो जमादार रोज? सरकार पेट्रोल देत नाई काय?"

"पोलिसाची गाडी वाजली का अर्धं गाव पयते, बाई, अन् अर्धं लपते," लूनाला स्टँड लावत ते म्हणाले. "मंग मी इचारपूस कोनाची करू? तुमच्या बकऱ्याइची?"

गावाचं नाव मी लिहीत नाही. वाशीम जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. केस संपली तरी भीती संपत नाही. आम्ही आता पुण्याकडं एमआयडीसीत खोली करून राहतो. इथं बसून मी काही लिहावं आणि तिकडं कोणाला त्रास व्हावा, असं नको. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. पण खिराडे जमादारांबद्दल कोणी काही लिहिलं नाही, आणि ते स्वतः जे लिहायचे ते सगळ्यात आधी वाचायची पाळी माझ्यावर यायची. म्हणून मीच लिहिते.

चौकी म्हणजे आमच्या घरासमोरच्या दोन टिनाच्या खोल्या. एक टेबल, एक बाकडं, पाण्याचा ड्रम. मोठं ठाणं लांब होतं. जमादार आसपासची सात गावं बघायचे. दिवसभराचा अहवाल लिहून झाला की दारातून हाक यायची, "सूनबाई, अठी ये. हे वाच जोऱ्यानं." मी पदर सावरून उंबऱ्याशी उभी राहून वाचायची. ज्या शब्दाला मी अडखळले तो ते खोडायचे. मला वाटायचं, माझ्या कमी शिक्षणामुळं होतं हे. तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "तू अडखयली म्हनजे म्या जास्तीचं लिवलं, नाईतर खोटं लिवलं. तुले समजलं त सायबाले समजन."

कोणाच्याही घरी गेले की आधी गोठ्यात जायचे. माणसांची चौकशी मागून. ते रिठदकडच्या शेतकऱ्याचं पोर. पोलिसात लागले आणि वडिलांनी बैलजोडी विकली, हे ते दर महिन्याला एकदा तरी सांगायचे, जणू परवाच विकली. बैलाचा कान, बैलाचा डोळा, खूर, शेपटीचा गोंडा बघून ते काय काय सांगत. "या घरात दोघा नवराबायकोचं बोलनं बंद हाय," असं एकदा म्हणाले, आणि होतंही तसं. बैलाला दोघंही दोनदा दोनदा पाणी पाजत होते, की दुसऱ्यानं पाजलं का ते विचारावं लागू नये. बैलाचं पोट ढोलासारखं झालं होतं.

काठी होती त्यांच्याकडं, पण तिच्यावर ओला दुपट्टा वाळत घातलेला मी जास्त वेळा पाहिला. देवमाणूस नव्हते. दारू गाळणाऱ्या एकाला त्यांनी चपलेनं मारलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हंगामात पायली-दोन पायली तूर लूनाला बांधून घरी जायची, तीही सगळ्या गावाला दिसायची. पण ते माणसाला नावानं हाक मारायचे. सात गावांतल्या बहुतेक बाप्यांची नावं, बापाच्या नावासकट, त्यांना तोंडपाठ होती. "नाव घेऊन हाक मारली का मानूस थांबते," म्हणायचे. "ए म्हनलं का पयते."

दोन भावांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुंपलं होतं तेव्हाची गोष्ट. दोघांच्या हातात कुऱ्हाडी. बायका रडतात, पोरं किंचाळतात, शेतात निम्मं गाव गोळा. जमादार आले ते लंगडत. सरळ दोघांच्या मधे धुऱ्यावर बसले, बूट काढला, मोजा काढला, पाय थोरल्यापुढं केला.

"काटा रुतला बे. चष्मा चौकीत राह्यला. पाह्य जरा."

"जमादार, अठी मुडदा पडून राह्यला अन् तुमाले काट्याचं पडलं?"

"पाडजो ना. मले कुठी घाई हाय? आधी काटा काढ."

कुऱ्हाड हातात धरून काटा काढता येत नाही. थोरल्यानं ती खाली ठेवली आणि पाय मांडीवर घेतला. त्याला काही जमेना, तेव्हा धाकटाच चिडून म्हणाला, "अबे तसा नाई निंघत तो, सरक," आणि बाभळीचा काटा मोडून आणला. दोघांची डोकी एका पायावर. जमादार वरून विव्हळत होते आणि पाय धरून बसलेल्या दोघांना धुरा कोणाचा कुठून कुठवर ते विचारत होते.

मी नंतर विचारलं, "काका, खरंच काटा होता का?"

"होता ना. पन आदल्या दिवसाचा. ठिवला तसाच, म्हनलं कामी पडन."

आमच्या गावात पोळ्याच्या मानावरून डोकी फुटायची. माझं लग्न व्हायच्या आधीचं सांगतात ते. वरचं वेटाळ, म्हणजे वरची आळी, म्हणे तोरणाखालून पहिला बैल आमचा, खालचं वेटाळ म्हणे आमचा. जमादारांनी त्याच्यावर एक काढलं. पहिली जोडी एकच, पण तिच्यातला एक बैल वरचा आणि एक खालचा. वरून तुळशीराम आबांचा हरण्या, खालून आमचा कैऱ्या. ऐकायला सोपं वाटतं. पण एकमेकांना न ओळखणारे बैल शेजारी उभे केले की शिंगं लावतात. म्हणून पोळ्याच्या आधी आठ दिवस, रोज दिवस कलता, दोघांना बरोबर फिरवायचं. दोन्ही कासरे जमादारांच्या हातात. आणि आपला बैल दुसऱ्याच्या भरवशावर कोण सोडतो? म्हणून आबा मागून चालायचे, आमचे हे मागून चालायचे, त्यांच्यामागून दोन्ही वेटाळांतली रिकामी माणसं. आठ दिवस नाल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिल्या दिवशी कोणी बोलत नसे. चौथ्या दिवशी तंबाखू इकडून तिकडं जायची. पोळ्याच्या दिवशी बंदोबस्त म्हणून जमादार एकटे तोरणाजवळ उभे राहायचे, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी वाजलेली मला तरी आठवत नाही.

बदल एकदम झाला नाही. आधी चौकीच्या खिडक्यांना जाळी बसली. मग बाहेर तारेचं फाटक आलं. मग एक दिवस जमादारांना दंगा काबूच्या शिक्षणाला जिल्ह्याला बोलावलं. आठ दिवसांनी ते आले ते एक मोठी पेटी घेऊन. सासूबाईंनी आग्रह केला म्हणून आमच्या अंगणात त्यांनी सगळं चढवून दाखवलं. छातीला कवच, नडगीला कवच, कोपराला कवच, डोक्याला हेल्मेट आणि तोंडावर काच. हातात ढाल. सासूबाई पदर तोंडात घालून हसत सुटल्या.

"मले सरकारनं कासव केलं वो," आतून आवाज आला. तो आवाजही त्यांचा वाटेना.

तेवढ्यात खुंट्याला बांधलेली आमची गाय दावं तोडायला लागली. डोळे पांढरे, नाकपुड्या फुललेल्या. रोज त्यांच्या हातची भाकर खाणारी गाय. जमादारांनी घाईघाईनं काच वर केली, हेल्मेट काढून खाली ठेवलं, आणि तिच्याशी बोलत तिची मान खाजवत बराच वेळ उभे राहिले. हसणं थांबलं होतं.

"काय शिकवलं वो तठी?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"चेहरे पाहू नोका म्हनते. समोर मानूस नसते म्हनते, जमाव असते." मग गाईचं दावं सैल करत, "त्याले नाव नसते."

त्यानंतर गावातून पोलिसांचं संचलन निघायला लागलं. सणाच्या आधी, निवडणुकीच्या आधी, कधी कशाच्याच आधी नाही. चाळीसेक जवान, काहींच्या हातात बंदुका, बुटांचा एकसारखा आवाज. पहिल्यांदा पोरं मागं धावली, मोबाइलवर फोटो काढले. दुसऱ्यांदा माझी जाऊ पोराला घरात ओढून कडी लावून बसली. तिसऱ्यांदा कोणीतरी गच्चीवरून शिट्टी मारली, आणि एका गाडीवर दगड पडला. कोणी मारला ते समजलं नाही. आधी जमादारांना संध्याकाळपर्यंत समजलं असतं. आता सांगायला कोणी येईना. चौकीच्या फाटकावर बाहेरून आलेला एक जवान उभा असायचा. तो वाईट नव्हता, पण कोणी जवळ आलं की ओरडायचा, "ए, काय काम आहे?"

एक बाई नवऱ्यानं मारलं म्हणून सुजलेलं तोंड घेऊन आली होती. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. जवान ओरडला, ती तिथंच उभी राहिली, बंदुकीकडं पाहिलं, आणि परत फिरली. मी जमादारांना सांगितलं. ते तसेच तिच्या घरी गेले. ती म्हणाली, पाय घसरून पडले. त्या दिवशी चौकीत येऊन ते बाकड्यावर बसून राहिले. "सूनबाई, आता गावातलं मले पेपरात वाचून समजन पाह्य," म्हणाले.

लूना मात्र अजून ढकलतच आणायचे.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी कोणा पोरानं मोबाइलवर काहीतरी टाकलं. वरच्या वेटाळाची बैलं म्हणजे काय आणि खालच्यांची म्हणजे काय, असलं काहीतरी. उत्तराला उत्तर गेलं. चार दिवसांत आमचं गाव संवेदनशील गावांच्या यादीत लागलं. ठाण्यात नवे साहेब आले होते. वयानं तरुण, सारखे फोनवर, सारखं कपाळ पुसणारे. बोलायला सभ्य. मी त्यांना राक्षस म्हणून रंगवणार नाही. त्यांच्या तोंडावरही भीतीच होती. वरून फोन येत होते आणि ते "होय सर, होय सर" करत होते.

मी चहा घेऊन चौकीत गेले होते तेव्हा त्यांचं आणि जमादारांचं बोलणं कानावर पडलं.

"खिराडे, तुमची ती बैलं फिरवायची भानगड या वेळी नको. लोक जमतात त्यात."

"सायेब, लोक जमावेत म्हनूनच त…"

"नको म्हटलं ना."

"बरं. पन पोयाच्या दिवशी गाडी नाल्यापल्याड राहू द्या. सजवलेला बैल आधीच बावरलेला असते. त्याच्या शिंगाले बेगड, कानाशी घुंगरं, आजूबाजूले ताशे. त्यात जर का सायरन…"

"तुम्ही मला बंदोबस्त शिकवणार आहात?"

जमादारांनी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. साहेबांनी जरा नरम आवाजात सांगितलं, "सहा महिने राहिलेत तुमचे. नीट जाऊ द्या. पोळ्याला पूर्ण ड्रेसमध्ये लाईनीत उभं राहायचं, बाकीच्यांसारखं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, जमादार आमच्या गोठ्यात आले. कैऱ्याच्या खांद्याला तूपहळद लावून झाली होती. त्यांनी त्याच्या दोन्ही कानांमागं हात फिरवला आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "गजू, कासरा आखूड धरजो उद्या." बस, तेवढंच.

पोळ्याच्या दिवशी आम्ही बायका आमच्या स्लॅबवर होतो. तिथून आखर, गुरं जमायचं मैदान, पूर्ण दिसायचं. आंब्याच्या पानांचं तोरण, तोरणाच्या अलीकडं बैलांची रांग, मागं गल्लीत गच्च बैल, शंभरेक तरी. आणि तोरणाच्या पलीकडं, मारुतीकडं जायच्या वाटेवर आडवी, पोलिसांची रांग. हेल्मेट, काच, ढाल. दिवस कललेला, ऊन समोरून ढालींवर पडलेलं. आमचे डोळे दिपत होते, बैलांचं काय होत असेल. मी त्या रांगेत जमादारांना शोधलं. सापडले नाहीत. सगळे एकाच घडणीचे.

पुढं कैऱ्या आणि हरण्या. कैऱ्याला धरून आमचे हे, हरण्याला धरून तुळशीराम आबा. झडत्या, पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी, सुरू झाल्या. वरच्यांनी एक म्हटली, खालच्यांनी तिचं उत्तर दिलं, शेवटी जरा झोंबेल असं. पोरांची रेटारेटी झाली. ती दरवर्षी व्हायची. अशा वेळी जमादार पुढं होऊन, "काय बे, बापाचं लगन हाय काय?" असं काहीतरी म्हणायचे आणि हशा व्हायचा.

गाडीवरच्या भोंग्यातून आवाज आला, "मागे हटा. सर्वांनी मागे हटा."

मागं कुठं हटणार? मागं बैल होते.

मग सायरन वाजला. मग हुकूम झाला, आणि पूर्ण रांगेनं ढालींवर काठ्या बडवल्या आणि दोन पावलं पुढं आली. कैऱ्या मागच्या पायांवर उभा राहिला. आमचे हे कासऱ्याला लटकले. हरण्यानं आबांना झटकलं. बैलाला मागं फिरायला जागा नव्हती. जिथं मोकळं दिसलं तिथं तो पळाला, आणि मोकळं फक्त समोर होतं. त्यानंतर धुराचा गोळा पडला बैलांच्या मधोमध. त्यापुढचं मला नीट सांगता येत नाही. घुंगरांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

धूर विरला तेव्हा आबा वाटेत पडलेले होते. कैऱ्या नालीत, पुढचा पाय मोडलेला. एका जवानाचा हात मोडला होता, तोही ओरडत होता. रांगेतला एक जण ढाल टाकून आबांजवळ बसला, हेल्मेट काढलं, आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. तेव्हा लोकांना कळलं की ते खिराडे जमादार आहेत.

"तुमी व्हता त्याच्यात?" आबांचा मुलगा म्हणाला. "अवो, तुमी हाक मारली असती त थांबलो नसतो काय आमी?"

मागून कोणीतरी थुंकलं. त्यांच्या खांद्यावरच्या कवचावर पडलं ते. त्यांनी पुसलं नाही.

कैऱ्या तीन दिवसांनी गेला, आबा चार.

दुसऱ्या दिवशीच आमच्या ह्यांना घेऊन गेले होते. अकरा जणांवर केस. लिहिलं होतं की जमावानं पोलिसांना जिवे मारायच्या हेतूनं त्यांच्या अंगावर बैल सोडले. पहिलं नाव गजानन, दुसरं आबांच्या मुलाचं. बापाला खांदा द्यायला त्याला दोन तास सोडलं, चार जवानांबरोबर. वकील म्हणाला, हे कलम टिकलं तर दहा-दहा वर्षं बाहेर येत नाहीत माणसं. मला कलमं समजत नव्हती. मला एवढंच समजत होतं की कोणीतरी खरं लिहिलं पाहिजे, आणि रांगेतल्या सगळ्यांचे जबाब एकसारखे लिहून तयार होते, फक्त सही बाकी.

ह्यांना नेल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी भीतभीत चौकीच्या फाटकाशी गेले. जवान ओरडायच्या आत आतून आवाज आला, "येऊ दे तिले." जमादार टेबलाशी बसले होते. समोर दोन कागद. एक टाइप केलेला, सहीची जागा रिकामी. दुसरा हातानं लिहिलेला. हातानं लिहिलेला त्यांनी माझ्याकडं सरकवला.

"वाच जोऱ्यानं."

मी वाचलं. गाडी कुठं उभी होती, सायरन कधी वाजला, बैलांच्या मागं जागा नव्हती, गोळा कुठं पडला. एकेक वाक्य सुतासारखं सरळ. मग हे होतं:

"ढाल पुढे असा हुकूम झाला तेव्हा मीसुद्धा दोन पावले पुढे गेलो. बैल घाबरले आहेत हे मला दिसत होते. कासरा धरणाऱ्या दोघांची नावे मला माहीत होती. मी काच वर करून त्यांना हाक मारली नाही."

इथं मी अडखळले. जमादारांनी पेन उचललं.

"हे खोटं हाय काय?"

"नाही काका."

"मंग राहू दे." पेन खाली ठेवलं.

"काका, हे तुमच्यावरच येईल."

"येऊ दे ना," ते म्हणाले. "चिलखत देल्लं हाय न सरकारनं."

हसले नाहीत. मीही नाही.

तो कागद त्यांनी वर पाठवला आणि आठवड्यात त्यांना चौकीवरून उचलून मुख्यालयात जमा केलं. चौकशी लागली. निवृत्तीच्या दिवशी ना हार ना नारळ. चौकशी सुरू असलेल्या माणसाला कोण हार घालणार? त्या कागदाच्या जोरावर आमचे हे दीड महिन्यानं जामिनावर सुटले. पण गावात राहणं जमेना. कैऱ्याचा जोडीदार एकटा चारा खाईना, तो कारंजाच्या बाजारात विकला. दर वेळी गाडी आली की आमचे हे मागच्या दारानं शेतात निघून जायचे. म्हणून इकडं आलो. तारखेला जायचो तेवढंच.

दोन वर्षांनी साक्षीचा दिवस आला. आमच्या वकिलानं जमादारांना बोलावलं होतं. कोर्टाच्या दारात काळ्या कपड्यातल्या जवानानं त्यांना हात वर करायला लावून झडती घेतली. त्यांनी केले वर. पांढरा सदरा, टोपी, बरेच वाळलेले.

सरकारी वकिलानं एक मोठा फोटो काढला. पोलिसांनीच त्या दिवशी काढलेला, ढाली पुढं आल्या त्या क्षणाचा. एका बाजूला पूर्ण रांग, दुसऱ्या बाजूला पहिले दोन बैल.

"तुम्ही रांगेत होतात म्हणता. यातले तुम्ही कोणते, दाखवा."

जमादारांनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडं नेला. मी आमच्या ह्यांचा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

"नाई सांगता येत, सायेब."

मागं कोणीतरी हसलं. वकील म्हणाला, "स्वतःला ओळखता येत नाही. आणि बैल घाबरले होते, हल्ला करत नव्हते, हे मात्र तुम्ही ओळखलंत?"

"बैलाच्या तोंडावर काच नव्हती सायेब."

जज्ज बाईंनी वर पाहिलं आणि त्यांना जवळ बोलावलं. जमादारांनी फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बोटानं दाखवायला लागले, गोठ्यात दाखवायचे तसं. "हा हरण्या, तुळशीराम आबाचा. हा कैऱ्या, गजाननचा. मारायले येनारा बैल मान खाली घालते, शिंगं पुढं करते. याची मान पाहा, आभायात हाय. कान मांगं. डोयाचं पांढरं दिसून राह्यलं. अन् हा गजानन. दोन्ही टाचा मातीत, अंग मांगं, कासरा छातीशी. सोडनारा मानूस असा वढत नाई." जज्ज बाई चष्मा काढून तो फोटो बराच वेळ बघत राहिल्या.

चार महिन्यांनी निकाल लागला, सगळे सुटले. आज आमचे हे पाळी संपवून घरी येतात, चपला दाराशी काढतात, ते त्या माणसामुळं. हे मी रोज मनात म्हणते, एकदा लिहूनही ठेवते.

निकालाला जमादार नव्हते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते साक्षीच्याच दिवशी, बस स्टँडवर. आमचे हे त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाले, "उठ बे, लोक पाहून राह्यले." मग सदऱ्याच्या खिशातून त्या फोटोची झेरॉक्स काढली. आमच्या वकिलाकडून मागून घेतली होती.

"गजू, तू त समोर व्हता. तुले दिसलो असन मी. यातला कोनता?"

आमच्या ह्यांनी कागद हातात घेतला. मी पण डोकावले. तीस हेल्मेटं, तीस काचा. ह्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि एकावर बोट ठेवलं.

"हा, काका."

"पक्कं?"

"पक्कं."

जमादारांनी कागद घेतला, तिथं बोट ठेवून पाहिलं. "याची ढाल त सगळ्याइच्या पुढं हाय बे."

आमचे हे गडबडले. "नाई नाई, थांबा काका, तो नसन, त्याच्या बाजूचा…"

"राहू दे," जमादार म्हणाले. "असन."

रिसोडची बस लागली. ते चढले, खिडकीशी बसले. आम्ही खाली उभे होतो, पण हात करायला त्यांचं लक्ष नव्हतं. बस हलली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला होता.